जानव्याला बांधलेला कॉम्प्युटर

“अकरा,” मी म्हणाले.

इकबालभाईंनी बारावा स्क्रू काढला आणि माझ्याकडे न बघता हात मागे केला. मी तो मिसळणाच्या डब्यात मोहरीच्या वाटीत टाकला. बुटके स्क्रू मोहरीच्या वाटीत, लांब जिऱ्याच्या, वॉशर हळदीच्या. डबा मी रिकामा करून घासून पुसून घेतला होता आणि प्रत्येक स्क्रूनंतर झाकण पुन्हा लावत होते. माझी दहा महिन्यांची मुलगी रमा पलीकडच्या खोलीत, दोन लोड आणि एक आडवी पाडलेली खुर्ची यांच्या कुंपणामागे होती. तिथून इथवर रांगत यायला तिला अठरा सेकंद लागत. मी मोजून ठेवले होते.

“वहिनी, तुम्ही आधी दवाखान्यात नोकरीला होता का?”

“नाही. का?”

“ऑपरेशन झाल्यावर कात्र्या मोजतात, तसं चाललंय.”

माझे सासरे, म्हणजे भाऊ, खरोखरच ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बसावं तसे खुर्चीच्या टोकावर बसले होते. पेशंट त्यांचा होता. पंच्याण्णव साली, पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन असताना त्यांनी तो कॉम्प्युटर घेतला होता. एके काळी पांढरा असलेला डबा आता चहात बुडवून काढलेल्या खारीच्या रंगाचा झाला होता. वाईत घरी कॉम्प्युटर आणणारे आपण तिसरे, असं भाऊ सांगत. पहिले दोघे कोण, ते सांगत नसत. डब्याच्या तोंडावर हिरव्या दिव्यांचे दोन आकडे उजळायचे, सहासष्ट. तो त्याचा वेग. आणि आकड्यांच्या खाली गोदरेजच्या कपाटाला असावं तसं एक गोल कुलूप. किल्ली फिरवल्याशिवाय कीबोर्ड चालायचा नाही. ती किल्ली भाऊंच्या जानव्याला.

ह्या कॉम्प्युटरवर भाऊ सात वर्षं सोवनी घराण्याचा कुळवृत्तांत लिहीत होते. मूळ पुरुषापासून रमापर्यंत सगळे सोवनी त्यात होते. यंत्र चालू करून भाऊ आंघोळीला जायचे, संध्या करून यायचे, तेव्हा कुठे पडद्यावर काहीतरी दिसायला लागायचं. त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. माझी होती.

मला नोकरी हवी होती. मी भूगोलात एम. एस्सी. केलेली, लग्नाआधी साताऱ्यात दोन वर्षं नकाशांचं काम केलेली. रमा झाल्यापासून लोक माझ्याशी दोनच विषयांवर बोलत: ती झोपली का आणि तिला शी झाली का. नवरा मिहिर भरूचला कारखान्यात होता आणि महिन्यातून एकदा यायचा. तोही फोनवर आधी हेच दोन प्रश्न विचारायचा. अशात पुण्याच्या एका कंपनीला घरबसल्या नकाशे करणारी माणसं हवी असल्याचं कळलं. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून रस्ते, ओढे, शेतं रेखायची. मी अर्ज केला आणि उत्तर आलं. तीन आठवड्यांनी बुधवारी सकाळी अकराला त्यांच्यासमोर तासभर ऑनलाइन काम करून दाखवायचं. अकराच्या ठोक्याला जोडले गेला नाहीत तर पुन्हा संधी नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आणि कामाला दणकट कॉम्प्युटर लागेल, हेही.

मिहिर म्हणाला, नवा घेऊन टाक. हे भाऊंनी ऐकलं. घरात एक असताना दुसरा कशाला, एवढंच म्हणाले आणि दोन दिवस आमटीत मीठ आहे की नाही हेसुद्धा बोलले नाहीत. दुसरा आला की पहिला भंगारात जाणार, आणि पहिल्याबरोबर आणखी काय काय जाणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तिसऱ्या दिवशी मीच मधला रस्ता काढला. डबा तोच ठेवू, आतडी तेवढी नवी घालू.

भाऊंनी विचार करायला एक दुपार घेतली आणि अटी घातल्या. बाहेरून काही बदलायचं नाही. सहासष्ट दिसले पाहिजेत. आणि कुलूप लागलं पाहिजे, नुसतं शोभेला नाही, खरं.

म्हणून इकबालभाई मुलाणी आमच्या दिवाणखान्यात सतरंजीवर मांडी घालून बसले होते. गणपती आळीत त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. भाऊंचा कॉम्प्युटर बिघडला की तेच यायचे. एकोणीस स्क्रू निघाले आणि त्यांनी झाकण वर उचललं. आत तांदूळ होते. वाळून कागद झालेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या, हळद होती, कुंकू होतं आणि पंख्याच्या पात्यात अडकलेलं आपट्याचं पान होतं. खंडेनवमीला यंत्राची पूजा करताना सासूबाई सगळं मनोभावे झाकणाच्या जाळीवर वाहायच्या. ते सरळ आत जात होतं.

“भाऊ,” इकबालभाई टॉर्च मारत म्हणाले, “ह्याच्या पोटात पंचवीस दसरे आहेत.”

भाऊंनी एक पाकळी उचलून बोटांत धरली आणि खिशात ठेवली. सासूबाईंना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

नवं सामान बसवायला दोन दिवस लागले. जुन्या डब्यात नवा बोर्ड बसेना, म्हणून इकबालभाईंनी कानस घेऊन पत्रा घासला. मी पत्र्याचा कीस ओल्या फडक्यानं तीनदा टिपला. कुठली वायर कुठे जाते याचे फोटो काढले, पुढेमागे रमाच्या हाती लागलीच तर कुठली, हे माहीत असलेलं बरं म्हणून. झाकणाला शेवटी हातानं पिळायचे स्क्रू लावून घेतले, कारण घरात स्क्रूड्रायव्हर ठेवायला मी तयार नव्हते. रमा बसायला लागल्यापासून टोक असलेली प्रत्येक वस्तू मी हद्दपार केली होती. सेफ्टी पिना, केसांच्या पिना, सुया, विणकामाच्या सळया, सगळं खालच्या मजल्यावरच्या चिपळूणकरांच्या कपाटात होतं. साडी नेसायची झाली तर मी त्यांच्याकडे जाऊन नेसत असे.

कुलपानं मात्र इकबालभाईंना घाम फोडला. नव्या बोर्डावर कुलपाच्या वायरीला जागाच नव्हती. शेवटी त्यांनी डब्याच्या जुन्या बटणामागे दाराच्या बेलचं बटण बसवलं आणि त्याची वायर कुलपातून फिरवून घेतली. भाऊंना समजावलं, की किल्ली फिरवली नाही तर बटण कितीही दाबा, मशीन मेलेलंच. भाऊंनी चारदा खात्री करून घेतली आणि पाटबंधारे खात्यात एखादा नकाशा पास करावा तशी मान हलवली. मग इकबालभाईंनी विचारलं, वेग आता साडेतीन हजारांच्या वर गेलाय, निदान आकडे तरी बदलू का?

“दोनच घरं आहेत,” भाऊ म्हणाले. “सहासष्टच राहू दे. माणसानं थोडं कमीच सांगावं.”

पहिल्यांदा चालू केला तेव्हा तो दहा सेकंदांत उघडला. भाऊ सवयीनं पंचा घेऊन आंघोळीला निघाले होते, ते दारातच थांबले. घाईघाईत काही राहून तर गेलं नाही ना, असं त्यांनी इकबालभाईंना हळूच विचारलं.

त्यानंतर आमचा दिनक्रम ठरला. सकाळी सात ते नऊ भाऊ आणि सोवनी घराणं. नऊला ते यंत्र बंद करून कुलूप लावायचे. साडेनऊला रमाची पहिली झोप लागली की मी सरावाला बसायची आणि त्यासाठी मला हाक मारावी लागायची. “भाऊ, किल्ली.” भाऊ लगेच येत नसत. पेपराची घडी घालायचे, चष्मा डबीत ठेवायचे, मग सावकाश येऊन सदऱ्यात हात घालून जानवं बाहेर ओढायचे. जानवं आखूड पडायचं. म्हणून त्यांना इतकं वाकावं लागायचं की गाल डब्याला टेकायचा. त्याच्या कानात काही सांगत असावेत तसे ते किल्ली फिरवायचे. पाच मिनिटं जायची. रमाची झोप चाळीस मिनिटांची.

मी दात आवळून उभी राहायची. नोकरीसाठी अर्ज करणारी एकतीस वर्षांची बाई रोज सासऱ्यांकडे किल्ली मागते, हे मला आतून खायला लागलं होतं. त्यांना वाटत असणार, ही काहीतरी बिघडवेल. किल्लीची दुसरी प्रत नव्हती. पण किल्ली माझ्याकडेच ठेवा, असं मी कधी म्हटलं नाही. दोन आठवडे घोकलेली वाक्यं जिभेवर यायची आणि मी म्हणायची, “भाऊ, चहा ठेवू?”

चाचणीच्या बुधवारी नारळी पौर्णिमा होती. म्हणजे श्रावणी. भाऊ आठ वाजता धोतर-उपरण्यात जानवं बदलायला घाटाजवळच्या मठात निघाले. आज तरी किल्ली ठेवून जाल का, एवढं मी विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी विचारलं, कधीपर्यंत याल? दहापर्यंत, ते म्हणाले.

दहा वाजले. मी रमाला खिमट भरवलं. सव्वादहा. मी रिक्षा थांबल्याचा आवाज ऐकायला खिडकीत उभी. दहा वीसला भाऊ जिना चढून आले. कपाळावर गंध, अंगावर उपरणं, खांद्यावर पांढरंशुभ्र नवं जानवं. चेहरा असा उजळलेला, की उशिराबद्दल बोलायचं मी विसरले.

“गौतमी, आज सगळ्यांना तुझं सांगितलं,” ते म्हणाले.

ओळीत बावन्न जण बसले होते म्हणे. आमची सून घरात बसून उपग्रहाचं काम करते, आज तिची मोठी परीक्षा आहे, हे भाऊंनी उजवीकडच्यांना सांगितलं, मग डावीकडच्यांना. डावीकडच्यांना कमी ऐकू येत असल्यानं ते सगळ्या मठानं ऐकलं. गुरुजींना दोनदा मंत्र थांबवावे लागले. हे सांगता सांगताच त्यांचा हात सवयीनं जानव्याकडे गेला आणि बोलणं थांबलं.

मी जानव्याकडे बघितलं. त्याला गाठ होती आणि दुसरं काही नव्हतं.

भाऊंनी जानवं बोटांत धरून सगळं फिरवून पाहिलं, अगदी सुरुवात परत येईपर्यंत. मग पुन्हा एकदा.

“जुनं कुठाय?” मी विचारलं.

“कृष्णेत.”

दरवर्षी आदल्या दिवशी ते किल्ली सोडून चष्म्याच्या डबीत ठेवायचे. ह्या वर्षी कालपासून परीक्षेचाच विचार डोक्यात होता, राहून गेलं. सगळ्यांची जुनी जानवी एका घमेल्यात गोळा करून पाण्यात सोडली होती. वरून धरणाचं पाणी सुटलेलं, घाटाच्या पायऱ्या बुडालेल्या. किल्ली एव्हाना साताऱ्याच्या वाटेवर असणार.

 मी रागावले असते तर भाऊंना बरं वाटलं असतं. ते उपरण्याचं टोक पिळत उभे होते आणि रमा त्यांच्या धोतराला धरून उभं राहायचा प्रयत्न करत होती. घड्याळात दहा पंचवीस झाले होते. मी इकबालभाईंना फोन लावला.

ते सामान आणायला साताऱ्याला गेले होते. एक वाजेपर्यंत येतो म्हणाले. अकराचं सांगितल्यावर त्यांनी मार्ग सांगितला. झाकण काढायचं. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात बेलच्या बटणाची वायर जिथे खोचली आहे, तिथून ती उपटायची. आत दोन बारीक पिना दिसतील. त्या दोन्हींना एकदम काहीतरी धातूचं टेकवायचं. एक सेकंद.

“शॉक?”

“टॉर्चच्या सेलइतकाच करंट आहे वहिनी. फक्त बाकी कशाला हात लावू नका.”

“बाकी कशाला म्हणजे कशाला?”

“म्हणजे सगळ्यालाच.”

झाकण मी दोन मिनिटांत काढलं. फोटो उघडून कोपरा शोधला. वायर निघाली. पिना दिसल्या, टाचणीपेक्षा बारीक, एकमेकींना खेटून आणि शेजारी त्यांच्यासारख्याच आणखी सहा. आणि मग माझ्या लक्षात आलं, की ह्या घरात टोक असलेली एकही वस्तू नाही. सुरीची धार आडवी बसत होती, चमचा आठही पिनांना लागला असता. चिपळूणकर सकाळीच मेणवलीला गेलेले, आणि त्यांच्या कपाटात माझ्या बेचाळीस सेफ्टी पिना. माझ्याच हातानं मी अख्खं घर बोथट करून ठेवलं होतं.

भाऊ देवघरात गेले आणि संध्येची पळी घेऊन आले. तांब्याची पळी, दांडा निमुळता होत गेलेला आणि टोकाला सापाच्या शेपटीसारखा बारीक.

“ही चालेल,” ते म्हणाले. “विजेला तांब्यासारखं दुसरं काही नाही.”

मी पायात रबरी चपला घातल्या. भाऊंना सांगितलं, रमाला घेऊन आतल्या खोलीत जा आणि दार लावा. मला काही झालं तर निदान एक जण तिच्याजवळ हवा. भाऊ हलले नाहीत. म्हणाले, आण इकडे, मी लावतो. माझं सगळं करून झालंय, कुळवृत्तांतसुद्धा नुसता छापायचाच राहिलाय. मी म्हटलं, तुमचा हात कापतो, भलतीकडे टेकेल. हे त्यांनाही खोटं म्हणता येईना. स्पीकरवर राहिलेल्या फोनमधून इकबालभाई थकलेल्या आवाजात म्हणाले, कुणीही लावा हो, पण आजच लावा.

भाऊंनी रमाला कडेवर घेतलं आणि ते दाराच्या उंबऱ्यावर उभे राहिले, ना आत ना बाहेर. मी डोळे मिटणार होते, पण मिटून टेकवता येईना. शेपटीचं टोक दोन पिनांवर टेकवलं. काही नाही. पुन्हा टेकवलं, जरा दाबून. पोटातला पंखा गुरगुरला आणि हिरवे सहासष्ट उजळले. भाऊंनी रमाचे दोन्ही हात धरून जोडले. स्वतःचे मोकळे नव्हते.

दहा अठ्ठावन्नला मी जोडली गेले. पडद्यावर पुण्याच्या एक बाई होत्या. त्यांनी छायाचित्र दिलं, कुठल्याशा नदीकाठचं गाव, आणि मी रेघा ओढायला लागले. झाकण लावायला वेळच झाला नव्हता. डबा बाजूला उघडा, आत दिवे लुकलुकतायत, पंखे फिरतायत आणि रमानं आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. ती कडेवर राहीना. मला मागून सगळं ऐकू येत होतं आणि मी मान वळवू शकत नव्हते. रमाचे तळवे फरशीवर पटपट वाजत यायचे, मग धोतराची सळसळ, मग रमाची तक्रार. पुन्हा तळवे. अठरा सेकंद. पुन्हा सळसळ. तास संपेपर्यंत मी तीन ओढे, एक पाझर तलाव आणि दोनशे अकरा शेतं रेखली होती. त्यातला शेवटचा ओढा मला जरासा वाकडा वाटतो अजून.

बाईंनी काम तपासलं, दोन प्रश्न विचारले आणि मग म्हणाल्या, एक विचारू का? तुमच्या मागे एक गृहस्थ मघापासून हात पसरून जमिनीवर बसलेत.

मी मागे पाहिलं. भाऊ उघड्या अंगानं डब्यासमोर बसले होते, उपरणं डब्यावर पडद्यासारखं धरून, आणि रमा त्यांच्या मांडीवर नवं जानवं चोखत झोपली होती.

“माझे सासरे,” मी म्हणाले. “कॉम्प्युटर तेच सांभाळतात.”

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

संपर्क तुटल्यावर मी झाकण लावलं. भाऊ गुडघ्यावर हात टेकत उठले आणि म्हणाले, इकबालला सांगून ते कुलूप काढूनच टाकू, तुझं नुकसान होता होता राहिलं. तेव्हा दोन आठवडे जिभेवर अडकलेलं वाक्य अखेर बाहेर पडलं.

“मी काही बिघडवीन, अशी भीती वाटायची का तुम्हाला? म्हणून किल्ली ठेवत होता?”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. खरोखरच त्यांना प्रश्न कळला नव्हता.

“बिघडवशील कशी? माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं.” ते रमाला लोडापाशी निजवायला वाकले आणि तिकडेच तोंड ठेवून बोलले. “साडेनऊला तू हाक मारायचीस ना. ही गेल्यापासून ह्या घरात मला कामाला कुणी हाक मारली नव्हती. जेवायला मारतात. ती धरायची नसते.”

मी चहा ठेवायला आत गेले. खरंच ठेवला.

त्या दिवशी यंत्र रात्रीसुद्धा बंद केलं नाही. बंद केलं असतं तर पुन्हा पळी आली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ दहाला पुण्याहून निरोप आला. सोमवारपासून काम सुरू. सोबत एक लांबलचक फॉर्म होता. मी तो भरायला बसले. रमाला खेळवायच्या निमित्तानं भाऊ मागे येऊन उभे राहिले आणि चष्मा लावून माझ्या खांद्यावरून वाचू लागले. ग्राहकांचे नकाशे गोपनीय असल्यामुळे काम नसताना यंत्र कुलूपबंद ठेवता येतं का, असं एका रकान्यात विचारलं होतं. मी ‘होय’ लिहिलं. त्याखाली, किल्ली ज्या जबाबदार व्यक्तीकडे असेल, तिचं पूर्ण नाव आणि नातं.

मी लिहिलं: वामन दामोदर सोवनी, सासरे.

“जन्मसाल टाक,” भाऊ म्हणाले.

“विचारलेलं नाही, भाऊ.”

“टाक तरी. वाचणाऱ्याला पिढी कळते.”

मी एकोणीसशे एकोणपन्नास टाकलं. भाऊंनी पुन्हा एकदा सगळं वाचलं, चूक सापडली नाही, तेव्हा समाधानानं चष्मा काढला. मी फॉर्म पाठवून दिला. किल्ली सध्या कुठे आहे, असं त्यात कुठेही विचारलेलं नव्हतं.